नाव चुकलं की औषध चुकतं

सिस्टर मांजरालासुद्धा विचारायच्या. खुर्चीवर मांजर बसलेलं असलं, तर त्याला उचलून खाली टाकत नसत. समोर उभ्या राहून म्हणायच्या, "उठतीस का? मला टेकायचंय." मांजर बहुधा उठायचं नाही. मग सिस्टर बाजूच्या ट्रंकेवर बसायच्या आणि मला सांगायच्या की, तिची इच्छा नाही, काय करणार. अंगणातल्या कडुलिंबाची काडी मोडतानाही त्या काहीतरी पुटपुटायच्या. मला वाटलं, मंत्र म्हणत असतील. एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "मंत्र कशाला? घेऊ का म्हणून विचारते. झाड काय न्हाई म्हणत न्हाई. पण आपली विचारायची सवय मोडू नये."

आणीबाणीच्या आदल्या वर्षी मला सोलापुरात शाळेची नोकरी लागली. माझे वडील कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपात. एकट्या पोरीला शहरात ठेवायचं म्हणून त्यांना चांगल्या घरची खोली हवी होती. कुणीतरी सिस्टरांचं घर सुचवलं. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स, एकट्या राहतात, मागची खोली भाड्यानं देतात. त्यांचं नाव काय, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. सगळी पेठ त्यांना सिस्टर म्हणायची, पोस्टमनसुद्धा.

वडिलांनी जात, गाव, नोकरी सगळं सांगायला सुरुवात केली. सिस्टरांनी त्यातलं काही ऐकलं नाही. त्यांनी मला दोनच प्रश्न विचारले. पाणी उकळून पितेस का, आणि रात्री घोरतेस का? मी पहिल्याला हो म्हटलं, दुसऱ्याला नाही. खोली मिळाली.

काळ्या-सावळ्या, उंच, ताठ बाई. निवृत्तीनंतरही रोज पांढरं लुगडं नेसायच्या आणि छातीवर डाव्या बाजूला उलटं लटकणारं नर्सचं घड्याळ लावायच्या. बाहेर पडताना हातात काळी छत्री. सोलापूरच्या उन्हात ती लागतेच, पण सिस्टर ती संध्याकाळीही न्यायच्या. भाजी लाल औषधाच्या पाण्यात बुडवल्याशिवाय चुलीपाशी जायची नाही, त्यामुळं आमच्या घरची मेथी नेहमी किंचित जांभळट दिसायची. जेवण म्हणजे ज्वारीची कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही. त्यांना माझी हाक पसंत पडायला महिना लागला. मी "मावशी" म्हणायला बघत होते. त्या म्हणाल्या, "मावशी दवाखान्यात झाडून काढती. मी सिस्टर हाय."

त्या अक्कलकोटच्या बाजूच्या, लिंगायत घरातल्या. घरी कानडी. लग्न कळायच्या आत झालं आणि नवरा कळायच्या आत गेला. सासरच्या माजघरात पुढची काही वर्षं गेली. गावात एक परदेशी डॉक्टरीणबाई दवाखाना चालवायची. सिस्टरांच्या सासूचं गळू कापायला ती घरी आली, तेव्हा भांडं धरायला ही पोर उभी होती. जाताना डॉक्टरीणबाईनं मोडक्या कानडीत तिला विचारलं, तुला शिकायचं आहे का? सिस्टर हे सांगताना नेहमी तिथं थांबायच्या. म्हणायच्या, "तवर मला कुणी काय विचारलंच नव्हतं. जेव म्हटलं, जेवले. बस म्हटलं, बसले. त्या बाईनं विचारलं आणि मला कळलं, की मला उत्तर द्यायला येतंय." छातीवरचं घड्याळ त्या बाईनंच दिलेलं.

सिस्टरांची सकाळ पेपरानं सुरू व्हायची. ओट्यावर बसून त्या पेपर मोठ्यानं वाचायच्या आणि वाचता वाचता त्याच्याशी भांडायच्या. "हे खरं. हे खोटं. हे अर्धं खोटं, उरलेलं कुणाला तरी विचाराय पाहिजे." नळाला पाणी आलं नाही, दवाखान्यात औषध नाही, अमक्या मंत्र्यानं तमकं उद्घाटन केलं, सगळ्यावर त्यांचं मत गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं. गल्लीला त्याची सवय होती. समोरच्या काकू तर म्हणायच्या, पेपर घ्यायची गरज नाही, भाकरी थापता थापता बातम्या होतात.

आणीबाणी आल्यावर पेपर एकदम गोड झाला. सगळं वेळेवर चाललं होतं, सगळे खूश होते. सिस्टर एका पानावरून दुसऱ्या पानावर जायच्या आणि मान हलवायच्या. एके दिवशी घडी करून ठेवून म्हणाल्या, "ह्याला ताप हाय. तापात बडबडतंय." आवाज नेहमीसारखाच मोठा होता. काकूंनी त्या दिवशी पहिल्यांदा आपलं दार आतून लावून घेतलं.

आता त्यांच्या नोकरीतलं एक सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. सिस्टरांनी शेवटची कित्येक वर्षं कुटुंबनियोजनाचं काम केलं होतं. शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत. तिथं घरटी माग, दिवसभर खडखड, आणि बोलणं तेलुगू. सिस्टर तेलुगू तिथंच शिकल्या. सुरुवातीला लोकांनी त्यांच्या अंगावर खरकटं पाणी टाकलं होतं. एका म्हातारीनं वंशबुडवी म्हणून शिव्या दिल्या होत्या. सिस्टर दुसऱ्या दिवशी त्याच दारात पुन्हा उभ्या. आधी सासूशी बोलायच्या, मग नवऱ्याशी, मग बाईशी एकटीशी. आणि कुणी नाही म्हटलं, की "बरं" म्हणून चहा मागायच्या आणि लेकराच्या खोकल्याची चौकशी करायच्या. दवाखान्यातले साहेब कुरकुर करायचे की, या बाईचं काम हळू चालतं. चालत असेल. पण त्यांनी आणलेलं माणूस टेबलावरून उठून पळालं, असं कधी झालं नाही. नाही म्हटलेल्या बायकासुद्धा पुढं बाळंतपणाला त्यांनाच बोलवायच्या.

या कामाचा त्यांना अभिमान होता. मला म्हणायच्या, "पाच-पाच, सात-सात बाळंतपणांत मेलेल्या बाया मी धुतल्यात. हे काम देवाचं हाय. पण देवाचं काम बी विचारून करावं लागतंय."

त्यांचं आणखी एक ठरलेलं वाक्य होतं. गल्लीतलं कुणी पोर आजारी पडलं की आई सांगायची, नजर लागली, बाहेरचं झालंय. सिस्टर पोराचं पोट दाबून बघायच्या आणि म्हणायच्या, "जंत हायत. नजर म्हणू नको. नाव चुकलं की औषध चुकतं."

मग ते वर्ष आलं. आमच्या शाळेत मुख्याध्यापकांनी सगळ्या शिक्षकांना बोलावून सांगितलं की, प्रत्येकानं नसबंदीच्या केसेस आणायच्या, नाहीतर बदली, नाहीतर आणखी काही. सांगताना ते आमच्याकडं बघत नव्हते.  घरी येऊन मी सिस्टरांना सांगितलं. मला वाटलं होतं, त्यांचंच काम सरकारनं उचललं म्हणून त्यांना बरं वाटेल. त्यांनी विचारलं, "आणायच्या म्हंजे? शेळ्या हायत का?"

थोड्याच दिवसांनी पूर्व भागातून एक बाई रडत आमच्या घरी आली. तिचा मुलगा नरसय्या, मागावर काम करणारा. त्याच्या वेळचं बाळंतपण सिस्टरांनीच केलेलं. त्याचं लग्न होऊन काही महिने झाले होते. चहाच्या गाड्यावर उभा असताना जीप आली, तपासणी आहे म्हणून त्याला आणि आणखी काहींना बसवून नेलं. संध्याकाळी तो घरी आला तो भिंत धरून. मूल अजून एकही नव्हतं. त्यानं तसं सांगितलंही होतं. कुणी ऐकून घेतलं नव्हतं. त्याची बायको पद्मा त्याच्याशीही बोलत नव्हती आणि कुणाशीच बोलत नव्हती.

सिस्टर तिच्याबरोबर गेल्या, परत आल्या आणि ट्रंकेवर बसून राहिल्या. खुर्ची रिकामी होती तरी. मी जेवायला वाढलं, तर म्हणाल्या, "माझ्या कामाला ह्यांनी विष घातलं."

पुढचं शिबिर आमच्याच शाळेत भरलं. वर्गातले बाक बाहेर काढून टेबलं लावली होती, आणि व्हरांड्यात माणसांची रांग होती. काही स्वतःहून आलेले, बरेचसे आणलेले. फाटकाशी पोलीस. मी इतर शिक्षकांबरोबर कोपऱ्यात उभी होते. तेवढ्यात सिस्टर आल्या. पांढरं लुगडं, छातीवर घड्याळ. पोलिसाला वाटलं, शिबिराच्याच नर्स. त्यानं सलाम करून आत सोडलं.

त्या सरळ रांगेच्या शेवटी गेल्या. शेवटच्या माणसासमोर उभ्या राहिल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "निन्नु अडिगारा?" तो तेलुगू होता. त्यानं नाही म्हणून मान हलवली. त्याच्या पुढचा मुसलमान पेठेतला टांगेवाला. त्याला म्हणाल्या, "तेरेकू पूछे क्या?" त्याच्या पुढच्याला कानडीत, "निन्न केळिद्रा?" मग मराठीत, "तुला विचारलं का?" अशा त्या एकेक करत पुढं सरकत होत्या. जो हो म्हणाला, त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायच्या, चांगलं केलंस, घाबरू नको, दोन दिवस वजन उचलू नको. जो नाही म्हणाला, त्याला काही म्हणत नव्हत्या. नुसत्या त्याच्याकडं बघत होत्या. पण तो प्रश्न माणसाच्या आत जात असला पाहिजे. कारण मी बघितलं, रांग मागून विरघळायला लागली. एक गेला, दोन गेले, मग चौघे-पाच जण मागच्या भिंतीकडं निघाले. फाटकावरच्या पोलिसाला कळेपर्यंत व्हरांडा निम्मा मोकळा झाला होता.

शिबिराचे साहेब धावत आले. सिस्टरांनी त्यांनाही नमस्कार केला आणि सांगितलं की, उरलेत ते राजीखुशीचे आहेत, त्यांचं नीट करा, हात धुऊन करा. आणि छत्री उघडून त्या निघून गेल्या.

त्याच आठवड्यात आमच्या पेठेतल्या पुढाऱ्यानं चौकात सभा घेतली. तो वाईट माणूस होता असं मी म्हणणार नाही. नळाच्या भांडणात तो धावून यायचा. पण वरून त्यालाही आकडा दिलेला होता. त्यानं सभेत सांगितलं की, या शहरात काही देशद्रोही शक्ती काम करत आहेत, आणि परदेशी लोकांच्या हाताखाली तयार झालेली एक बाई गरिबांमध्ये अफवा पसरवते आहे. नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. गावातल्या एका दैनिकानं ते तसंच छापलं. दुसऱ्या दिवशी कुणी म्हणालं, त्या नक्षलवादी आहेत. तिसऱ्या दिवशी कळलं की, त्या धर्मवेड्या लोकांच्या आहेत, म्हणून नसबंदीला विरोध करतात. आणि छातीवरच्या घड्याळावरून तर त्या परदेशी हस्तक आहेत हे सिद्धच झालं होतं.

समोरच्या काकू भल्या. त्यांनी खिडकीतून विचारलं, "सिस्टर, नक्षलवादी म्हणजे काय हो?"

सिस्टर म्हणाल्या, "मलाबी नीट माहीत न्हाई. झालेय खरी. विचारून सांगते."

पण हसणं तेवढंच. दूधवाला दूध दारात ठेवून पळायला लागला. रोज पोट दाखवायला येणाऱ्या बायका येईनाशा झाल्या. ज्या माणसाचं पोर त्यांनी घटसर्पातून वाचवलं होतं, तो त्यांना बघून रस्ता ओलांडून गेला. सिस्टरांनी हाक मारली नाही. मला म्हणाल्या, "त्याला भीती वाटती. भीतीला लाज म्हणू नको."

त्यांना बोलावणं आलं तेव्हा त्यांनी मला विचारलं, "येतीस का? न आलीस तरी चालंल." मी गेले. मोठ्या कचेरीतली खोली, वर पंखा, आणि टेबलामागं एक चष्मेवाले अधिकारी. ते शेवटपर्यंत सभ्यपणे बोलले. म्हणाले, या वयात तुमच्यासारख्या बाईनं देशविघातक लोकांच्या नादी लागावं, याचं वाईट वाटतं.

"कुठले लोक?" सिस्टरांनी विचारलं.

"ते तुम्हीच सांगायचं आहे."

"मला न्हाई माहीत. तुमाला माहीत असले तर ओळख करून द्या. आजकाल घरी कुणी येत न्हाई."

त्यांनी एक टाइप केलेला कागद पुढं सरकवला. मी राष्ट्रीय कार्याविरुद्ध अफवा पसरवल्या, माझ्याकडून देशविरोधी कृत्य झालं, त्याबद्दल माफी मागते, पुन्हा करणार नाही. खाली सहीची जागा. सही केली की विषय संपला, असं ते म्हणाले. सिस्टरांनी चष्मा लावून तो सावकाश वाचला.

"अफवा कुठली, ते लिहिलं न्हाई."

"ते सगळ्यांना माहीत आहे, बाई."

"साहेब, मी रांगेतल्या माणसाला एक प्रश्न विचारला. उत्तर त्यानं दिलं. ह्यात अफवा कुणाची?"

अधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "सरळ सांगा, तुम्ही सरकारच्या विरुद्ध आहात की नाही?"

"ह्या कामात हाय. तसं लिहा की. सरकार चुकलंय असं ही बाई म्हणती, असं लिहा, आत्ता सही करते. पण देशाच्या विरुद्ध हाय असं लिहिलं तर सही न्हाई. नाव चुकलं की औषध चुकतं."

"तसं लिहिलं तर तुम्हांला आत जावं लागेल."

"आत टाकायचं का न्हाई, ते तुमचं काम. कशाखाली सही करायची, ते माझं."

त्यांनी कागद परत ओढून फायलीत ठेवला. मग त्यांनी विचार करायला थोडे दिवस दिले. बाहेर पडल्यावर जिन्यात सिस्टरांनी माझा हात धरला. खालच्या पायरीपर्यंत तो सोडला नाही. 

ही बातमी कुर्डुवाडीला पोचली आणि वडील पहिल्या गाडीनं आले. खोली सोड म्हणाले. मी नाही म्हटलं. वडील रागावले, मग काकुळतीला आले, मग सिस्टरांच्या ओट्यावर जाऊन बसले. तिथं त्यांचं काय बोलणं झालं मला माहीत नाही. संध्याकाळी सिस्टर माझ्या दारात आल्या आणि "येऊ का आत?" म्हणून विचारलं. आत येऊन म्हणाल्या, "महिनाअखेर खोली सोड. तू घोरतीस."

मी म्हटलं, मी घोरत नाही.

"घोरतीस. मला झोप लागत न्हाई."

आयुष्यात त्यांनी मला एवढं एकच खोटं सांगितलं, आणि तेही त्यांना नीट जमलं नाही. बोलताना त्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडं बघत होत्या.

महिनाअखेर यायच्या आत पोलीस आले. सकाळची वेळ होती. दोघेजण होते. त्यांतला तरुण शिपाई दारात घुटमळला, त्यानं टोपी काढली आणि म्हणाला, "सिस्टर, चलता का?" सिस्टर पेपर वाचत होत्या. त्या माझ्याकडं वळून म्हणाल्या, "बघितलंस? ह्यानं विचारलं." आणि त्याला चहा करून द्यायला सांगून आपली पिशवी भरायला आत गेल्या. गल्लीत सगळी दारं बंद होती. सगळ्या खिडक्यांच्या फटीत डोळे होते. सिस्टर मधून चालत गेल्या, छत्री उघडून. शिपाई मागं.

पुण्याच्या तुरुंगात त्या काही महिने होत्या. मी खोली सोडली नाही. तिथल्या गोष्टी त्यांनी फारशा सांगितल्या नाहीत. एवढंच सांगायच्या की, तिथं पकडून आणलेल्या बायका निरनिराळ्या पक्षांच्या होत्या, आणि डाव्यांना वाटायचं ही उजवी, उजव्यांना वाटायचं ही डावी. शेवटी सगळ्यांच्या डोक्यातल्या उवा काढायचं काम त्यांच्याकडं आलं आणि मग कुणी पक्ष विचारला नाही.

निवडणुका जाहीर झाल्या आणि त्या सुटून आल्या. सरकार पडलं. ज्या चौकात त्यांना देशद्रोही ठरवलं होतं, त्याच चौकात नव्या लोकांनी त्यांचा सत्कार ठेवला. मी गेले होते. गर्दी एवढी की माणसं गच्च्यांवर चढली होती. जी माणसं रस्ता ओलांडून जायची, ती पुढं बसली होती. सिस्टर हार घालून खुर्चीवर बसलेल्या, अवघडलेल्या. एक तरुण वकील भाषण करत होता. बोलता बोलता तो तापला. म्हणाला की, ज्यांनी या माउलीला तुरुंगात टाकलं, तेच खरे देशद्रोही, त्यांचे दलाल आजही याच पेठेत राहतात, अशा लोकांना गावात राहू द्यायचं का, हे तुम्हीच ठरवा. टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढाऱ्याचं घर तिथून दिसत होतं. त्याच्या घराचे दिवे बंद होते.

सिस्टर उठल्या. वकिलाजवळ जाऊन म्हणाल्या, "जरा बोलू का?" तो आनंदानं बाजूला झाला.

"माझ्यावर हाच शब्द टाकला होता," त्या म्हणाल्या. "ह्याच चौकात. त्यांनी जुलूम केला. जुलमी म्हणा. ते खोटं बोलले. खोटारडे म्हणा. कोर्टात उभं करा, मी साक्ष द्यायला येते. पण देशद्रोही म्हणू नका. हा शब्द एकदा लावला की त्या माणसाचं ऐकून घ्यायचं कारण उरत न्हाई. माझं कुणी ऐकून घेतलं न्हाई. तुमी बी न्हाई."

टाळ्या वाजल्या नाहीत.  सिस्टरांनी हार काढून खुर्चीवर ठेवला आणि त्या खाली उतरल्या. वाट आपोआप झाली. घरी येताना मी विचारलं, तुम्हांला राग नाही का आला त्यांचा?

"लई आलाय. अजून हाय." थोडं चालून म्हणाल्या, "राग हाय म्हणूनच शब्द जपून वापरायचा. राग आलाय म्हणून कात्री कुठंबी चालवतो का आपण?"

पुढच्या आठवड्यात पेठेत नवी कुजबूज सुरू झाली. सिस्टर आतून त्या पडलेल्या लोकांनाच मिळालेल्या आहेत. तुरुंगातून लवकर सुटल्या त्या उगाच नाही. काकूंनी ते येऊन सांगितलं, तेव्हा सिस्टर इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. डोळे पुसत म्हणाल्या, "आता एकबी बाजू उरली न्हाई माझ्यावर ढकलायला."

खरं दुःख वेगळंच होतं. त्या पुन्हा पूर्व भागात जायला लागल्या, आपल्या जुन्या कामासाठी. पण त्यांचं पांढरं लुगडं गल्लीत दिसलं की दारं लागायची. पोरं ओरडत पळायची. सरकारनं त्यांना नसबंदीच्या विरोधी ठरवलं होतं, आणि वस्तीच्या डोक्यात पांढरं लुगडं आणि जीप एक झाली होती. कुणीतरी सुचवलं, रंगीत नेसून जा. म्हणाल्या, मग मी कोण म्हणून आले ते त्यांना कळणार कसं? त्या बंद दारांसमोरून रोज चालत जायच्या आणि रोज परत यायच्या.

मधल्या काळात ज्यांना मूल नव्हतं त्यांची नस पुन्हा जोडून द्यायची सोय मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात झाली. सिस्टर नरसय्याकडं गेल्या. तो तयार नव्हता. पुन्हा टेबलावर झोपायचं म्हटलं की त्याला कापरं भरायचं. त्या "बरं" म्हणून परत आल्या. काही दिवसांनी तो स्वतः आला. त्याला घेऊन त्या मुंबईला गेल्या, तो बरा होईपर्यंत तिथंच राहिल्या. होईल की नाही, डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. पण झालं. आधी मुलगी, मग मुलगा. दोन्ही बाळंतपणं सिस्टरांच्याच हातची. त्यानंतरही पद्मा त्यांच्याशी फार बोलायची नाही. ती बाळ दाखवायची आणि पदर सावरून आत जायची.

माझं लग्न होऊन मी अकलूजला गेले. सुट्टीत सोलापूरला आले की सिस्टरांकडं एक दिवस काढायची. अशीच एकदा सकाळी मी ओट्यावर शेंगा सोलत बसले होते, सिस्टर पेपराशी भांडत होत्या. पद्मा आली. एक मूल कडेवर, एक बोटाला. अंगणात उभी राहून ती आपल्या तेलुगू वळणाच्या मराठीत म्हणाली, "सिस्टर, दोन पुरे झाले. माझं ऑपरेशन करायचं हाय. तुमी चला माझ्यासंगं."

सिस्टरांनी पेपर खाली ठेवला. त्यांनी तिची उलटतपासणी सुरू केली. नवऱ्यानं सांगितलं का? नाही. सासू मागं लागली का? नाही, ती तर नको म्हणते. कुणी पैसे देतो म्हणालं का, कुणी भीती घातली का, घरी भांडण झालं का? पद्मा प्रत्येकाला नाही म्हणत होती. सिस्टर पुन्हा पहिल्यापासून विचारायला लागल्या, तशी ती वैतागली. कडेवरचं पोर दुसऱ्या कडेवर घेऊन म्हणाली, "सिस्टर, मी ठरवलंय. येणार का न्हाई, तेवढं सांगा."

सिस्टर उठल्या. त्यांनी चपला घातल्या. मोठ्या मुलीला बोटाला धरलं आणि त्या निघाल्या. मी दारात उभी राहून बघत होते. गल्लीच्या टोकापर्यंत दोघी दिसत होत्या. पुढं पद्मा, आणि मागून सिस्टर.